आईवर गेलेली

२ ऑगस्ट

राणीसरकार,

तुझा डबा पोचला. आत थुंकायची नळी, नळीला झाकण आणि सूचनांचा कागद, की थुंकण्याआधी काही खाऊ-पिऊ नये. मी कारखान्यात बाइंडिंगची खळ ढवळता ढवळताच थुंकले, झाकण लावलं आणि पाठवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याकडे काही मागितलंस, आणि मागितलंस ते हे.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमची चिठ्ठी वाचली. 'एकाच घरातली एक बाधित आणि एक निरोगी बहीण मिळाली, तर तुलना चांगली होईल.' बाधित म्हणजे तू, निरोगी म्हणजे मी. म्हणजे इथेही मी तुझ्या शेजारी उभी राहायलाच. लहानपणी पाहुणे आले की आई ओळख करून द्यायची ना, "ही धाकटी, अगदी माझ्यावर गेलीय, हुशार आहे, पण हिला फार जपावं लागतं. आणि ही मोठी." माझ्यापुढे काही नसायचंच, नुसतं 'ही मोठी'. पाहुणेही बिचारे "हो का" म्हणून पुन्हा तुझ्याकडे वळायचे.

तुझी तपासणी आत्ता होतेय म्हणे, पण ती नावापुरतीच. नाक आईचं, हनुवटी आईची, फोनवर आवाजसुद्धा आईचा. तेव्हा पायही आईचेच निघणार, हे या घरात तुझ्या बारशालाच ठरलंय. त्या बळावर तुला कधी पाण्याची कळशी उचलावी लागली नाही. तुझं दप्तर शाळेपर्यंत कोणी वाहिलं ते आठवतंय का बघ.

फोन का करत नाहीस, असं विचारतेस. खाली कारखाना, वर एक खोली, आणि त्या खोलीत आई. तिचे पाय गेले, पण कान इतके तिखट झालेत की मी जिन्यात कुजबुजले तरी तिला वरून ऐकू येतं. म्हणून पत्र. बाइंडिंगचे उरलेले कागद आहेतच माझ्याकडे ढीगभर.

आई रोज विचारते, 'राणी ज्याचा अभ्यास करते ते नक्की आहे तरी काय?' एकदा सोप्या भाषेत लिही. मी सांगायला गेले तर म्हणते, तुला नाही कळायचं.

ताई

१४ ऑगस्ट

ताई,

नळी पोचली, टोमणेही पोचले.

आईला असं सांग. आपल्या प्रत्येक पेशीत सामानाची ने-आण सतत चालू असते. ते सामान वाहणारी प्रथिनं असतात, आणि त्यांतल्या काहींना खरंच दोन पाय असतात. एक पुढे टाकायचा, मग दुसरा, पाठीवर बोजा. हमालच म्हण. मेंदूतून निघून पाठीच्या कण्यातून खाली उतरणाऱ्या लांबलचक नसा असतात, त्यांच्यातून हा हमाल माल घेऊन चालत जातो. तो कसा घडवायचा हे ज्या जनुकात ठरलेलं असतं, त्याचं नाव के-आय-एफ-फाइव्ह-ए. आईच्या त्या जनुकात एका जागी बिघाड आहे. हमाल तयार होतात, पण काही वाटेतच अडखळतात. नसेच्या लांबच्या टोकाला माल धड पोचत नाही आणि ते टोक हळूहळू वाळत जातं. पायांना हुकूम देणाऱ्या नसा सगळ्यांत लांब, म्हणून पाय आधी आखडतात. बुद्धी आणि जीभ शाबूत राहते. जिभेचं तुला वेगळं सांगायला नको.

आईचं हे प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. एकीला आलं म्हणून दुसरी सुटली, असं काही नसतं.

आता त्या दप्तराबद्दल. तू म्हणतेस सगळं मला मिळालं. गेल्या खेपेला मी आले होते, त्या सकाळचं सांगते. आईने तुझ्या गळ्यात हात टाकले, तू तिला उचललंस आणि बोलत बोलत जिना उतरून खाली छापील कागदांचे फर्मे दुमडायला तिच्या टेबलाशी नेऊन बसवलंस. जिन्यात तुम्ही दोघी कशावर तरी हसलात. मी म्हटलं, संध्याकाळी मी नेते वर. तर आई म्हणाली, "तू नको गं, तुझ्याने नाही व्हायचं." मी दारात उभी राहिले, हातात पर्स घेऊन, पाहुण्यासारखी. त्या दिवशी तू मला डोळ्यांसमोर नको होतीस. असं आहे ते. तुझ्या एकटीच्याच पोटात दुखतं असं समजू नकोस.

दोघींचे रिपोर्ट डॉक्टर मलाच सांगतील, तू तसं सही करून दिलंयस. तुझ्यात बघण्यासारखं काही नसणार.

धाकटी

३० ऑगस्ट

राणीसरकार,

पत्र आईला वाचून दाखवलं. जिभेचं वाक्य गाळलं, आणि पर्सचंही. आई म्हणाली, "किती सोपं करून सांगते माझी राणी! आणि तू एवढ्या पुस्तकांना पुठ्ठे चढवतेस, त्यातलं एक तरी डोक्यात शिरलं का?" मी म्हटलं, पुठ्ठा बाहेरून चढवतात आई. ती हसली नाही. तू हेच बोलली असतीस तर आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसली असती.

आणि म्हणे आईला उचलायला मिळत नाही म्हणून हिला वाईट वाटतं! ये ना मग. जिना तोच आहे, आई गेल्या खेपेपेक्षा जड झालीय आणि मधल्या वळणावर ती नेमकी काहीतरी आठवून मागे वळते. एवढी हौस असेल तर खुशाल ये.

तू लिहिलंस म्हणून मला एक जुनं आठवलं. शाळेच्या मैदानावर शर्यत होती, मी पाचवीत असेन. मी पळत होते आणि मध्येच पाय उचललाच गेला नाही. तोंडावर आपटले. तू आईच्या मांडीवर बसून बघत होतीस, तुला उन्हात उभं राहायचं नव्हतं ना. आई सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "धाकटीचे लाड बघून हिला नकला सुचतात." बायका हसल्या. गंमत अशी की मलाही ते पटलं. मला तुझे लाड हवेच होते, मग मुद्दामच पडले असेन. त्यानंतर कधी अडखळले की मीच स्वतःला म्हणायचे, पुरे झाली नक्कल. अजूनही म्हणते, हसू नकोस.

परवा जिन्यात आपटले, हातात जुजबंदी करून शिवलेल्या पुस्तकांचा अख्खा गठ्ठा. पायऱ्याच वाईट आहेत. आईने वरून ओरडून विचारलं, "पुस्तकं खराब झाली का?"

नाही झाली.

ताई

९ ऑक्टोबर

ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. प्रयोगशाळेत गडबड आहे. रिपोर्टचं अजून काही नाही, तिथे लांब रांग असते.

जिन्यातून पडलीस ती कशी? पाय घसरला की पायरीला अडकला? सकाळी उठल्यावर पोटऱ्या ताठ असतात का? चपला पुढच्या बाजूने झिजतात का? सहज विचारतेय.

आईला नमस्कार.

धाकटी

१७ ऑक्टोबर

राणी,

मी तुला ओळखते. साधं 'मी बरी आहे' कळवायलाही तुला दोन पानं लागतात आणि या वेळी अर्धं पान पाठवलंस. रिपोर्ट आलाय. तुझ्यात निघालंय, आणि तुला ते मला सांगवत नाही म्हणून माझ्या पोटऱ्यांची चौकशी करतेस.

ठरलेलंच होतं म्हणून सगळे म्हणत होतो, मीही म्हणत होते, पण प्रत्यक्षात वेगळं वाटतं गं. मी कटिंग मशीनमागे बसून रडले. आईला कळू दिलं नाही. तुझ्याशी लपवाछपवी नको म्हणून हेही सांगते, की रडता रडता मनात आलं, झालं, आता तर शिक्काच बसला. आता आई आणि तू, तू आणि आई, आणि मी पाय चोळायच्या तेलाची बाटली घेऊन उभी. तुझ्यावर एवढं कोसळलंय आणि मी काय मोजत बसलेय, अशी माझीच मला शरम वाटली. पण मनात आलं ते आलं.

ऐक. तिथे एकटीने राहू नकोस. खालची पुठ्ठे ठेवायची खोली मी रिकामी करते. खिडकी आहे, जिना चढावा लागणार नाही. तुझ्या मॅडमला दुसरी कोणी मिळेल. आईला उचलते तशी उद्या वेळ आली तर तुलाही उचलीन. तुझ्यासारखं डोकं मला देवाने दिलं नाही, पण पाय दणकट दिलेत. तेवढंच एक माझं आहे, ते तुझ्या कामाला येऊ दे.

आणि हो, यापुढे टोमणे बंद.

ताई

२९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आल्यापासून मला कोणाशी धड बोलता येत नाही. तू जळत राहिली असतीस तर मी अजून महिनाभर गप्प बसले असते. तू खोली रिकामी करायला निघालीस, आता गप्प बसणं शक्य नाही.

रिपोर्ट सप्टेंबरातच आले. माझ्यात काही नाही. ते तुझ्यात आहे.

डॉक्टरांनी पुन्हा तपासून घेतलं, नळ्या उलटसुलट झाल्या असतील म्हणून. नव्हत्या झाल्या. माझे पायही तपासले त्यांनी, गुडघ्यावर हातोडी मारून. म्हणाले, ठणठणीत. ताई, जनुकाला नाक-हनुवटी कळत नाही हे मी शिकले, इथे येणाऱ्या पोरांना शिकवते, आणि स्वतःबद्दल कधी एक शंका घेतली नाही. आईचं तोंड घेऊन आले म्हणजे आईचे पायही आणले, हे मी तुमच्याइतकंच खरं मानलं. माझ्या पोटऱ्या दुखायच्या ना गं? मला खरंच दुखायच्या.

तुला का सांगितलं नाही? काळजी वाटली म्हणून, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. मला हेवा वाटला. आईला कळलं की ती तुला जवळ घेणार आणि 'माझ्यासारखी' म्हणणार. तो शब्द माझा होता. इथेसुद्धा मॅडम माझी ओळख करून देतात ती 'हिच्या घरातच आहे, ही स्वतःच्याच आजारावर काम करते' अशी. लोक आवाज खाली करून बोलतात माझ्याशी. आता मी कोण? एक धडधाकट बाई, जिचं दप्तर आयुष्यभर आजारी बहिणीने वाहिलं. मला आजार हवा होता असं नाही, पण तो तुला गेला तेव्हा माझंच काहीतरी तू पळवलंस, असं मला वाटलं. लिहितानाही लाज वाटतेय.

रिपोर्ट आला म्हणजे उद्या खुर्ची आली, असं नाही. व्यायाम असतात, नीट केले तर पाय पुष्कळ वर्षं साथ देतात. पण ओझं घेऊन जिना चढणं थांबव. आईला उचलणंही. आणि तिला सांग. ते मला सांगता येणार नाही, तूच सांगायला हवं.

धाकटी

५ नोव्हेंबर

पत्र मिळालं. सध्या काही लिहू नकोस.

ताई

२ डिसेंबर

राणी,

इथल्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनीही हातोडी मारली. तुझा पाय कसा हलला मला माहीत नाही, माझा इतका जोरात उडाला की त्यांनी खुर्ची मागे घेतली. विचारलं, कधीपासून ताठरतात? मी म्हटलं, पाचवीपासून. ते म्हणाले, मग इतकी वर्षं काय केलंत? काय सांगणार? नक्कल करत होते म्हणून सांगू?

तुझ्यावर संतापले होते. रिपोर्ट दाबून ठेवलास म्हणून वाटत होतं, पण ते खरं कारण नव्हे. तू लिहितेस 'माझ्या पोटऱ्या दुखायच्या'. तुझ्या दुखल्या की घरात धावपळ व्हायची, तेल तापायचं, आई पाय मांडीवर घ्यायची. माझ्या दुखल्या की मी मोरीत जाऊन दात आवळून उभी राहायचे. मला वाटायचं, मत्सराने माणसाचे पाय आखडतात. खरंच तसं वाटायचं. मनात तुझ्याबद्दल वाईट आलं की पाय ताठरतात, असा मी अनुभवच जमवला होता. एखाद्या दिवशी तुझ्याबद्दल चांगलं यायचं मनात आणि तरी आखडायचे, तेव्हा म्हणायचे, आत कुठेतरी असेल.

आणि आता तू म्हणतेस की मी तुझं काहीतरी पळवलं. घेऊन जा ना. वाटेल तेव्हा ये आणि ने.

आईला सांगितलेलं नाही. भीती वाटते. ती म्हणेल, राणीचं बघून आता रिपोर्टाचीही नक्कल. हसण्यावारी नेऊ नकोस, मला रात्रंदिवस तीच भीती आहे. आजाराची नाही वाटत एवढी. रोज तिला उचलते, मधल्या वळणावर माझे पाय लटपटतात, आणि ती मागे वळून काहीतरी विचारत असते.

ताई

१० डिसेंबर

ताई,

मी धावले. परवा बस सुटत होती, नेहमीसारखी 'जाऊ दे' म्हणून थांबले आणि मग वाटलं, का म्हणून? पर्स काखेत मारली आणि पळाले. बस मिळाली. कंडक्टर म्हणाला, बाई, जरा जपून. मला इतका आनंद झाला की दोन थांबे पुढे गेले. मग तू मोरीत उभी राहिलेली डोळ्यांसमोर आली आणि उतरून चालत परत आले.

तुला राग येईल हे वाचून. येऊ दे. मला आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही.

आईला सांग. ती नक्कल म्हणाली तर रिपोर्ट तिच्या टेबलावर ठेव. आणि काहीही झालं तरी तिला उचलू नकोस. तू तिला घेऊन पडशील.

धाकटी

२६ डिसेंबर

राणी,

सांगितलं.

आई खाली टेबलाशी बसून फर्मे दुमडत होती. मी आधी तुझं सांगितलं. म्हटलं, "आई, रिपोर्ट आले. राणीला काही नाही." तिने हातातली पट्टी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि ढसाढसा रडली. माझी राणी सुटली, माझी राणी सुटली. मी समोर उभी. सांगते तुला, तेव्हा अशी जळले की शर्यतीच्या दिवशीही जळले नसेन. तिचं रडणं संपायची वाट बघत होते, कारण मधे बोलले असते तर तुझा आनंद हिसकावल्यासारखं झालं असतं.

मग म्हटलं, "मला आहे."

ती रडायची थांबली. वर बघितलं नाही. पुढचा फर्मा ओढला, घडी घातली, घडीवरून पट्टी फिरवली आणि म्हणाली, "माहितीय."

"काय माहितीय?"

"तू चालायला लागलीस तेव्हापासून माहितीय. टाच टेकायचीच नाहीस. चवड्यावर चालायचीस. मी पण तशीच चालायचे म्हणे."

"आणि राणी?"

"तिचं तोंड माझं. मला वाटलं तिलाही असणार. दोघींनाही आहे असंच धरून चालले मी."

मी तिच्यासमोर कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. विचारलं, "मग मला नक्कल का म्हणालीस? सगळ्या बायकांसमोर?"

ती म्हणाली, "तुला आजार आहे म्हटलं असतं तर तू बसली असतीस. नक्कल म्हटलं म्हणून चिडून उठलीस, आणि उठतच राहिलीस. राणीला जपलं, ती बसली. दोघी बसल्या असत्या तर मला कोणी उचललं असतं?"

तिच्या आवाजात माफी नव्हती. आणि खोटंही काही नव्हतं. मी तिला खूप बोलले. तोंडाला येईल ते बोलले, तुझ्या तेलापासून पाहुण्यांपर्यंत सगळं. ती ऐकत होती आणि फर्मे दुमडत होती, आणि सगळे वाकडे दुमडत होती. मला उठवायला तिने हे केलं की तिला स्वतःला उचलायला केलं, हे मी तिला विचारलं. म्हणाली, "मलाही कधी नीट कळलं नाही."

संध्याकाळी तिने नेहमीसारखे हात पुढे केले. मी जागची हलले नाही. ती म्हणाली, "राग गेला की ने."

मी म्हटलं, "राग आहेच आई. पण मला जमत नाही. माझे पाय चालत नाहीत."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. तिने माझ्या पायांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हात खाली घेतले. म्हणाली, "मग नको उचलूस." बस, एवढंच. त्यावर मी जी रडले ती मला आवरेना, आणि तीही माझ्याबरोबर रडली, आणि या वेळी ती तुझ्यासाठी रडत नव्हती, हे मी नीट बघून घेतलं.

तेव्हापासून आम्ही दोघी खालीच आहोत, तुझ्यासाठी रिकामी केलेल्या पुठ्ठ्यांच्या खोलीत. इथे थंडी वाजते आणि तिची औषधं, कपडे, सगळं वर आहे. शेजाऱ्यांना किती सांगणार? तू ये. मॅडमना काय सांगायचं ते सांग, आणि पाहुणी म्हणून येऊ नकोस. तुझे पाय चांगले आहेत, डॉक्टरांनी दोनदा खात्री करून घेतलीय. आईला जिना चढवायला ये.

ती तुझ्या गळ्यात हात टाकेल, मधल्या वळणावर तुम्ही दोघी कशावर तरी हसाल, आणि मी खाली उभी राहून जळेन. हे आत्ताच सांगून ठेवते. तेव्हा माझे पाय आखडले, तर ते आजाराने आखडलेत एवढं लक्षात ठेव.

ताई